इंजिनाचा दात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा (वय चौसष्ट, तरी तुझ्या लेखी धाकटाच) शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? ते जिना चढताना कुरकुरतात की उतरताना, हे तू मागच्या पत्रात लिहिलं नव्हतंस. नुसतं 'कुरकुरतात' एवढंच होतं, आणि पुढच्याच ओळीत भावोजीही असल्यामुळे माझा जरा गोंधळ झाला. दोघांनाही आराम पडो.

पत्रास कारण की, अण्णांचं इंजिन सापडलं. तेच ते, हिरवं, वीतभर लांबीचं. आपल्या दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत छताखालच्या फळीवरून गोल गोल फिरायचं, आणि बाकावरचे पेशंट माना वर करून बघता बघता आपोआप तोंड उघडायचे. म्हणून अण्णा त्याला आपला असिस्टंट म्हणायचे. पुढे ते बंद पडलं, अण्णा 'रविवारी बघू' म्हणाले आणि ते कपाटात गेलं. त्यानंतर अण्णा गेले, आणि रविवार मात्र येतच राहिले.

तर झालं असं, की तुझ्या भाचीने आता दवाखाना ताब्यात घेतला आहे. (मी राजीखुशीने दिला. लोक काहीबाही बोलतील, लक्ष देऊ नकोस.) तिला कपाटाच्या जागी एक्स-रेचं नवं मशीन ठेवायचं आहे. तिने इंजिन माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, एक तर दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका. नुसतं ठेवून काही होत नाही." ताई, पस्तीस वर्षं हेच वाक्य मी लोकांच्या दाढांबद्दल बोलत आलो. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, ते आता कळलं.

आधी मी चौकातल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून इंजिन इतका वेळ न्याहाळलं, की मला उगीचच आपलंच काहीतरी उघडं पडल्यासारखं झालं. "आतलं दात्यांचं चाक गेलंय," ते म्हणाले. "असलं चाक आता मिळत नाही. आतलं सगळं काढून नवीन बसवून देतो." मी विचारलं, मग जुनं काय उरेल? "वरचं टोपण," ते म्हणाले, "आणि तुमचं समाधान." मी इंजिन परत रुमालात गुंडाळलं.

मग कोणीतरी सांगितलं, की गावात छोट्या आगगाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ आहे. मंडळात एकूण सात जण. सातही जण माझ्या वयाचे, आणि सगळ्यांच्या बायका त्या वेळेपुरत्या सुखी. अध्यक्षांनी इंजिन पाहिलं आणि माझा हात धरला. "डॉक्टर, याला हात लावाल तर पाप लागेल! हा गंज मूळचा आहे." त्यावर चिटणीस उसळले, की जी गाडी चालत नाही तिला गाडी कशी म्हणायचं? दोघांची जुंपली. शेवटी हात वर करून मत घ्यायचं ठरलं. तीन दुरुस्तीच्या बाजूने, तीन विरुद्ध. सातवे गृहस्थ शांतपणे बसले होते. त्यांना हलवलं, तेव्हा कळलं की त्यांचा डोळा लागला आहे. जागे होताच त्यांनी हात वर केला, पण कोणत्या बाजूने, हे त्यांनाही सांगता येईना.

घरी तुझ्या भावजयीचं मत विचारलं. (चूक झाली.) ती म्हणाली, माझं शिलाई मशीन तुम्ही दुरुस्त करणार आहात त्याला सतरा वर्षं झाली, तेव्हा इंजिनाने रांगेत उभं राहावं.

अखेर ठरवलं, आपण स्वतःच उघडून बघू. शुक्रवारी सकाळी, पेशंट यायच्या आत, मी इंजिन खुर्चीत ठेवलं, पाठ जरा मागे कलती केली आणि वरचा दिवा लावला. चिमटा, छोटा आरसा, सगळी हत्यारं मांडली. तेवढ्यात आपले पोस्टातून निवृत्त झालेले मास्तर सुजलेला गाल धरून आले. खुर्ची भरलेली पाहून ते बाजूच्या स्टुलावर बसले आणि आत कोण आहे ते वाकून बघू लागले. मुलीने त्यांना हिरडीत इंजेक्शन दिलं, तोंडात कापसाचा बोळा घातला आणि सुन्न व्हायची वाट बघत बसवलं. त्या अवस्थेत त्यांनी मला इंजिनाविषयी पुष्कळ काही सांगितलं. हातवाऱ्यांवरून सल्ला फार मोलाचा असावा. बोळा काढल्यावर मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "आता आठवत नाही. दुखायचं थांबलं ना."

असो. इंजिन उघडलं. आत केसांचा गुंता, वाळलेलं ग्रीस, एक मेलेली मुंगी, आणि पितळी चाकाचा एक दाता मुळापासून तुटलेला. बाकी सगळं ठणठणीत. ताई, मी हसत सुटलो. घड्याळजी, अध्यक्ष, चिटणीस, सगळे पालथे घातले, आणि घरात पिढीजात डॉक्टर असताना बिघाड निघाला दाताचा! जागा घासून स्वच्छ केली, दाढ भरायचं सिमेंट लावलं, बारीक बारीक आकार दिला, ते कडक व्हावं म्हणून वर निळा दिवा धरला. पंधरा मिनिटांत नवा दाता तयार. माझ्या सबंध कारकिर्दीत इतका गप्प पेशंट मिळाला नव्हता.

फळीवर ठेवून बटण दाबलं. इंजिन खाकरलं, थरथरलं, आणि चाललं! मास्तरांनी सुन्न तोंडाने टाळ्या वाजवल्या. दोन फेऱ्या झाल्यावर लक्षात आलं, की ते मागे मागे जातं आहे. घड्याळजींना जाऊन विचारलं, तर म्हणाले, तारा उलट्या जोडल्या गेल्यात, पुन्हा उघडून अदलाबदल केली की झालं. पण उघडायचं म्हणजे तो नवा दाता तुटायची भीती. न उघडावं, तर अण्णांचा असिस्टंट जन्मभर पाठमोरा. मुलगी म्हणते उघडू. तुझी भावजय म्हणते, चालतंय ना, मग मुकाट्याने चालू द्या. अण्णांनंतर घरातला शेवटचा शब्द तुझा, म्हणून हा प्रपंच.

भावोजींना नमस्कार. उत्तर लवकर धाड.

तुझा,
धाकटा

ता. क. – दाता मी बसवला असं वर लिहिलं आहे. ते खरं नाही. तुझ्या भाचीने बसवला. मी दिवा धरला होता, तोही डाव्या हाताने. उजवा हात गेले पाच महिने थरथरतो आहे. दवाखाना राजीखुशीने दिला, तो यासाठी.

ता. क. दुसरा – येत्या गुरुवारी सकाळी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. घरात कोणाला बोललो नाही. तू बुधवारी ये. कोणी विचारलं तर इंजिन बघायला आले म्हण. नुसती सोबत बस, बोलायचं काही नाही. (तुला न बोलता बसणं जड जाईल, याची कल्पना आहे.)

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवायच्या आधी लिहितो. घरात कोणाला बोललो नाही असं मी वर म्हटलं. पण आज तुझ्या भाचीने मला चहा दिला, तो अर्धाच कप भरून. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने तिने उरलेला अर्धा आणून ओतला.