बाबांच्या दोस्ताची भीती

बाबा, मला भीती वाटते आहे म्हणून लिहायला बसले. पोटात गाठ निघाली आहे आणि ती काढायची ठरली आहे. डॉक्टर तरुण आहे, गोड बोलतो, हलणारी दाढ उपटायची आहे अशा थाटात सगळं समजावतो. नात म्हणते, "आजी, तू प्रार्थना कर, बरं वाटेल तुला." प्रार्थना मी करतेच. लहानपणापासून पाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण तुम्ही जे करायचात ते मला कधी जमलं नाही आणि आता, तुमच्यापेक्षाही म्हातारी झाल्यावर, नेमकी त्याचीच गरज पडली आहे. तुम्ही देवाशी गप्पा मारायचात. मला त्याची भीती वाटायची. अजून वाटते. हे चर्चमधल्या बायकांना सांगितलं तर सगळ्याजणी मिळून माझ्यासाठी गुडघे टेकतील आणि मला पळता भुई थोडी होईल. म्हणून तुम्हाला सांगते.

बेगमपुऱ्याच्या अंगाला आपली ती एकच खोली. तिच्या कोपऱ्यात चूल, चुलीशेजारी पाण्याचा रांजण आणि पलीकडे ज्वारीची कणगी. सकाळी तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसलेले आहात, फुंकणीने फुंकता आहात आणि धुराने डोळे पुसत बोलता आहात, "काय दोस्ता, सरपण ओलं धाडलंस व्हय? आता तूच फुंक." मग चहाचं आधण चढतं आणि तुमच्या गप्पा रंगतात. खोकल्याचं सांगून होतं. शेजारच्यांची शेळी आपल्या दाराशी येऊन घाण करते ते सांगून होतं. रविवारी पाद्रीसाहेबांचा उपदेश लांबला की सोमवारी सकाळी त्याची तक्रार ठरलेली, "काल लई लांबले बग साहेब. तुला तरी समजलं का काय म्हणत व्हते?" आणि तुम्ही हसता, समोरचाही हसला असावा असे हसता. मी भाकरी थापता थापता मागे वळून बघते. कणगीच्या आड कुणीतरी उभं आहे याची मला खात्रीच असते. बाकीच्या पोरांचा देव भिंतीवरच्या चौकटीत होता, देवळात होता, मशिदीत होता, वर आकाशात होता. आपल्या घरात तो माझ्या पाठीमागे होता.

तुम्हाला वाटायचं, पोर लाजाळू आहे. लाजाळू कसली! आई गेली तेव्हा पाद्रीसाहेब कबरीपाशी म्हणाले होते की ती देवाची फार लाडकी होती, म्हणून त्याने तिला आपल्याजवळ बोलावून घेतलं. बिचाऱ्यांनी सांत्वन म्हणून म्हटलं. मी मात्र ते अक्षरशः धरलं. म्हणजे देवाला जो आवडतो त्याला तो नेतो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्या दिवसापासून मी देवाला आवडू नये म्हणून धडपडू लागले. गीतं म्हणताना नुसते ओठ हलवायचे. शाळेत बायबलचं वचन पाठ असलं तरी अडखळायचे. गुळाचा खडा चोरून खायचे आणि खाताना वर बघायचे, त्याने पाहिलं ना याची खात्री करून घ्यायला. माझं एक वेळ जमलं असतं, पण तुमचं काय करायचं? तुम्ही तर त्याला दोस्त म्हणत होतात! एकदा न राहवून म्हटलं, "बाबा, तुम्ही बिडी ओढत जा ना." तुम्ही थक्क होऊन माझ्याकडे बघत राहिलात. "कुणी शिकवलं गं तुला हे?" असं विचारलंत. मी काय सांगणार? तुमच्यात एखादी तरी खोट असावी, त्याला तुम्ही थोडे कमी आवडावेत, एवढंच मला हवं होतं.

त्यात तुमचं कामही तसलं. निजामाचं राज्य होतं, पण शहराला पाणी पाजत होती ती त्याच्याही फार आधीची नहर, डोंगराकडून जमिनीखालून येणारी. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी विहिरीसारखी दगडी तोंडं होती. त्यातून दोर बांधून तुम्ही खाली उतरायचात, अंधारात गुडघाभर पाण्यातून आत शिरायचात, गाळ काढायचात, दगडांत घुसलेली झाडांची मुळं तोडायचात. खालची हवा कधी बिघडेल याचा नेम नसे. म्हणून तुमच्यात एक रीत होती, की खाली गेलेल्याने गप्प बसायचं नाही. आवाज येतोय तोवर माणूस जिवंत. आवाज जड झाला की वर ओढायचं, थांबला तर धावायचं. कुणी कव्वाली म्हणायचा, कुणी बायकोच्या नावाने खडे फोडायचा. तुम्ही तुमच्या दोस्ताशी बोलायचात. काठावर बसलेले तुमच्या टोळीचे म्हातारे जमादार ओरडायचे, "बोलते रहो जी! काम बाद में, पैले आवाज!" एकदा त्यांनी हसत विचारलं, "तुम्हारा दोस्त जवाब भी देता क्या मियाँ?" तुम्ही खालून म्हणालात, "देतो की. लई घाई नसती त्याला." वरचे सगळे हसले. मी तुमची भाकरी घेऊन तिथं उभी होते आणि त्या काळ्या तोंडातून खाली बघत होते. आईला न्यायला निदान त्याला घरापर्यंत यावं लागलं होतं. तुम्ही तर रोज स्वतःहून त्याच्याकडे उतरत होतात.

मग तुम्हाला नवीनच खूळ लागलं. एका सकाळी चहा पुढ्यात निवत होता आणि तुम्ही गप्प. मी विचारलं, बरं नाही का? तुम्ही म्हणालात, "अगं, मी आपला नुसता बडबडतो. दोस्त म्हटल्यावर त्याचंबी ऐकाय नको व्हय?" तेव्हापासून रोज चुलीपुढे थोडा वेळ तुम्ही डोळे मिटून नुसते बसायला लागलात. चेहरा असा काही सैल व्हायचा की मला तुमच्याकडे बघवायचं नाही. मी मुद्दाम भांडी आपटायचे. एकदा तर पितळेचा तांब्या हातातून सोडून दिला. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "ऐकलंस का, पोरगी तुझ्यावर रागावलीय." माझी चहाडी त्याच्याकडे, आणि तीही माझ्यादेखत!

तो दिवस तुम्हाला आठवत असेल, पण काठावरून तो कसा दिसला हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. ऊन तापलेलं. मी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून नहरीच्या तोंडाशी आले. दोर धरून दोघं गडी बसलेले, जमादार बाभळीच्या सावलीत. खालून तुमचा आवाज येत होता, लांबून, दगडांवर घासत आल्यासारखा. मी वाकून ऐकलं. तुम्ही माझंच सांगत होतात. "पोरीचं काय करू, सांग. ती तुला भिती. माझ्याशी बोलतोस तसं तिच्याशी बी बोल की जरा." मला वाटलं, आता तो माझ्याकडे वळणार. मी मागे सरकले. आणि तेवढ्यात तुमचं बोलणं थांबलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी मनात म्हटलं, ऐकत बसले असतील, सकाळी बसतात तसे. पण इथं? या अंधारात? जमादार उठून आले आणि ओरडले, "अरे आवाज दो जी! काय कू चुप बैठे?" खालून नुसता पाण्याचा आवाज. गड्यांनी दोर हलवला, उलट झटका आला नाही. पिशोरकडच्या एका विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस असाच गप्प झाला होता, त्याची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. जमादारांचा चेहरा उतरला आणि ते दोराला हात घालत गड्यांवर खेकसू लागले. मी त्या दगडी तोंडाशी पालथी पडले, डोकं आत घातलं आणि ओरडले. तुम्हाला हाक मारायला गेले होते, बाबा. पण तोंडून निघालं ते त्याच्यासाठी. "सोड! आईला नेलंस तेवढं बास झालं! हे माझे हायत. सोड त्यांना!" माझाच आवाज आतून फिरून माझ्या अंगावर आला. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शब्दांत बोलले ते हे. दोराला एक हिसका बसला, अगदी हलका. मग दोघांनी आणि जमादारांनी मिळून तुम्हाला वर ओढलं.

तुम्ही वर आलात तेव्हा चिखलाने माखलेले होतात आणि ओठ निळसर पडले होते. जमादार रागाने थरथरत होते, डोळे मात्र भरलेले. "दोस्त से बातां करते करते उधरीच रह जाते थे तुम! बच्ची का तो सोचना था!" तुम्ही ओकलात, पाणी प्यालात आणि हसून म्हणालात, "काय नाय जमादारसाब, जरा ऐकत व्हतो." सगळ्यांनी ते खरं मानलं. जमादारांनी तुम्हाला त्या दिवशी पुन्हा उतरू दिलं नाही आणि आपल्या डब्यातलं मटणाचं सालन माझ्या भाकरीवर वाढलं.

संध्याकाळी घरी मी तुमच्यासमोर उभी राहून म्हटलं, त्याच्याशी दोस्ती तोडा. आजच्या आज तोडा. तो तुम्हालाही नेणार. आईला जसं नेलं तसं. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतात, तो तेवढा एकदाच चढवलात. "कुणी सांगितलं तुला, त्यानं नेलं म्हणून? तापानं नेलं तुझ्या मायला! मी बगितलंय. त्यो तर माझ्यासंगं इथं भुईवर बसून रडत व्हता." मग तुमचा आवाज खाली आला. खरं काय ते तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. ऐकत वगैरे नव्हतात. डोकं गरगरलं, हातपाय गळाले, खाली बसावंसं वाटलं. माझा आवाज आला म्हणून हात दोराकडे गेला. "मी त्याला म्हणत व्हतो, पोरीशी बोल म्हणून," तुम्ही म्हणालात. "त्यो बोलला नाय. तूच बोललीस. आणि काय बोललीस! बापरे!" तुम्ही हसत होतात आणि मी तुमचा सदरा घट्ट धरून होते. मला हसू आलं नाही. मी विचार करत होते, तो आता माझ्यावर किती चिडला असेल.

तुम्हाला वाटलं असेल, त्या दिवसानंतर माझी भीती गेली. नाही गेली. उलट वाढली. मी मागितलं आणि त्याने दिलं, याचीच धास्ती बसली. पुन्हा मागितलं आणि नाही दिलं तर? मग पहिलं त्याने दिलं होतं की नुसता माझा आवाज खाली पोचला होता? हे मला कधी कळूच नये असं वाटायचं. म्हणून मी पुन्हा काही मागितलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, त्यांना गोवर आला, ताप आले. मी पुस्तकातल्या प्रार्थना म्हटल्या, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या त्या. एकटीने, आपल्या तोंडाने, एकदाही नाही.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी माहेरी आले होते. दुपार होती, दार उघडं होतं. तुम्ही अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्याशी बोलत होतात, अगदी हळू, मधेच हसत. मग बोलणं तुटायला लागलं. मी तुमचा हात धरून म्हटलं, "बाबा, बोलत राहा. आवाज द्या." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत, लहानपणी पाहायचात तसंच, आणि म्हणालात, "आता ऐकू दे गं जरा." तुमच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी फार शोधली. सापडली असती तर मला सोबत झाली असती.

आज सकाळी सून अजून उठायची होती. गॅसवर चहा ठेवला आणि मागे कुणी उभं आहे असं वाटलं, इतक्या वर्षांनी. वळून बघितलं नाही. तशीच उभी राहून म्हटलं, "हे बघ, मला तू आवडत नाहीस असं नाही. मला तुझी भीती वाटते. आणि त्या गाठीची त्याहून जास्त वाटते." एवढंच. गंमत बघा, तुम्हाला मी जन्मभर अहो-जाहो केलं आणि ज्याला घाबरते त्याला अरे-तुरे करते. चहा उतू गेला, ओटा पुसावा लागला. पुसताना आणखी थोडं बोलले. ऑपरेशनचं सांगितलं, नातीचं सांगितलं, डॉक्टर फार तरुण आहे हेही सांगितलं. भीती होती तेवढीच राहिली, पण सून येईपर्यंत मी बोलत होते.

हे पत्र मी ठेवून देणार आहे. तुम्हाला पोचवायचं तर त्याच्याच हाती द्यावं लागेल, दुसरं कोण तिथवर येणार? आणि बाबा, तुम्ही रागावू नका, पण माझं माणूस असो की माझा कागद, त्याच्या हाती आपणहून सोपवावं एवढा विश्वास माझा त्याच्यावर अजून बसलेला नाही.