सर्जेराव, कर्ज फेडू नका

१० एप्रिल २००१
हनुमान जयंतीची पंगत पार पडली. बुंदी पुरली. पण बँकेचं व्याज उतरत चाललंय, त्यावर पुढे भागणार नाही. मंदिराचा खजिनदार म्हणून आज निर्णय घेतला. जालन्याच्या एका फायनान्सवाल्याने बऱ्याच घरांच्या कर्जाच्या हप्त्यांचा गठ्ठा बांधून विकायला काढलाय. रक्कम आपण द्यायची. घरवाले पंधरा वर्षं हप्ते भरतील, ते आपल्याकडे येतील. चौदा टक्के, फिक्स. सगळा फंड घातला. अध्यक्ष कडूबा म्हणाले, मारुतीला समजलं तर बस, मला तर काहीच समजलं न्हाई.

२ नोव्हेंबर २००२
व्याज सगळीकडे घसरलं. लोक हवालदिल. मी शांत. देवाची कृपा आणि माझा अभ्यास.

१९ जानेवारी २००३
हप्त्यांऐवजी काही घरांचं अख्खं मुद्दलच परत आलं. लोक दुसऱ्या बँकेतून नऊ टक्क्यांनी कर्ज काढून आपलं चौदाचं फेडून टाकताहेत. तशी मुभा त्यांना होती. बारीक अक्षरात छापलेलं होतं. परत आलेल्या पैशाला आता सहाच्या वर कोणी विचारत नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून घनसावंगीला गेलो. सर्जेराव हे आपल्या गठ्ठ्यातले मोठे कर्जदार. हात जोडून म्हटलं, घाई करू नका, कर्ज असू द्या. त्यांच्या घरच्या कांताबाई आतून म्हणाल्या, वसुलीवाले लई पाहिले, फेडू नका म्हणणारा पहिलाच आला, याला आधी जेवू घाला. सर्जेराव म्हणाले, सोमवारीच फेडून राह्यलो, पेढे घेऊन येतो.
जेवलो.

२७ जानेवारी
मारुतीपुढे बसलो. सर्जेरावांचं कर्ज टिकू दे, असं मागायला तोंड उघडेना. शेवटी म्हटलं, सर्वांचं भलं कर.

४ फेब्रुवारी
प्रार्थना ऐकली गेली असावी. आणखी सहा जणांनी कर्ज फेडलं. पेढेही आले.

१२ एप्रिल २००४
परत आलेला सगळा पैसा नव्या गठ्ठ्यात घातला. आठ टक्के, फिक्स. व्याज आणखी उतरलं तर? या वेळी बंदोबस्त केला. मेहुणा पुंजाराम, भोकरदनला त्याची आडत. त्याच्या घरकर्जाचं व्याज बाजाराप्रमाणे हलतं. लेखी ठरवलं: व्याज उतरलं तर त्याची बचत त्याने मंदिराला द्यायची, चढलं तर वाढीव भार मंदिराने सोसायचा. याला हेजिंग म्हणतात, पेपरात वाचलं. पुंजाराम म्हणाला, दाजी, देवाशी सौदा हाय, मंग न्हाई कसं म्हणू?

९ डिसेंबर २००५
व्याज चढलं. तात्पुरतं आहे.

१८ फेब्रुवारी २००७
अजून तात्पुरतंच आहे. बँका ठेवीला नऊ देताहेत. आपला पैसा आठात अडकलेला. त्यातूनही दर महिन्याला पुंजारामचा भार जातो. आणि आता एकही घरवाला फेडायचं नाव घेत नाही. नव्या गठ्ठ्यातल्या संपतला गाठलं. म्हटलं, कर्ज लवकर फेडा, बिनकर्जाच्या घरात झोप छान लागते. तो म्हणाला, मला बराबर लागून राह्यली. तुमचं काय?
घरी बायको द्वारका म्हणाली, पुंजारामचा कागद फाडा, माझाच भाऊ आहे. म्हटलं, मारुतीच्या वतीने सही केलीय, फाडणार कसा?

२ एप्रिल २००७
हनुमान जयंती. पंगतीपुरतं व्याज उरलं नाही. फुटाणे-साखर वाटायची, हे मनाशी ठरवून मंदिरात गेलो तर चुली पेटलेल्या. कढईत बुंदी. कडूबा लाउडस्पीकरवर सांगत होते, आजचा महाप्रसाद भोकरदनचे दानशूर पुंजारामशेठ यांच्याकडून.
त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, दाजी, महिन्याच्या महिन्याला मंदिराकडून पैसे येऊन राह्यले. घरात ठेवायला भ्या वाटलं.
म्हणजे हेजिंग फळाला आलं म्हणायचं.
नारळ आणि शाल त्याला. मला कडूबांनी तांब्या दिला आणि पाणी वाढायला सांगितलं. पुंजारामने दोनदा मागितलं.