रोडगे राखेत, आमी डोंगरात

मंगळवार, कोजागिरी झाल्यावर. चिखलदरा, तंबूत.

उद्या सकाळी वैराटच्या जंगलात फिराले जायचं ठरलं. ठरवलं कोणी? माणसायनं. आमी दोघी जावा म्हणे तंबूपाशी रांधत बसू. मले रागच आला. इतक्या दूर काय चूल पाहाले आली मी? मालकाले म्हटलं, "कणकेचे रोडगे पहाटेच गोवऱ्यायच्या गरम राखेत दाबून ठेवतो. आपोआप शिजतात ते. आमीबी येतो."

"तुह्यानं चढणं होईल काय?"

"वावरात दिवसभर वाकून कापूस वेचतो, तवा नाही पुसलं?"

रोडग्यायले राखण लागत नाही, मंग आमी काहून थांबावं? धाकटी जाऊ तं हासून लोळली. थोड्या वेळानं मालक हळूच म्हणे, "पाण्याची छागल कोण धरते मंग?"

म्हटलं, "तुमी."