उसवलेली कुंची

चि. सौ. प्रेरणा,

बाळाच्या आधी दोघं बाली फिरून या, असं मीच म्हणलं व्हतं. तुझा होडीतला फोटो अख्ख्या करमाडला दाखवला. पाचव्या महिन्याचं पोट लई शोभतंय! त्याच खुशीत बाळाची कुंची शिवली. शेजारची म्हाळसाबाई म्हणाली, "जन्माआधी शिवू नाय गं!" मी हसले.

त्या फोटोनंतर तुझा आवाज नाय. इंद्रजीत रोज म्हणतो, "आई, ती झोपलीय." तिकडं दिवस उगवत नाय का? काल म्हणलं, "उठव की तिला." त्यानं फोनच ठेवला.

म्हणून सकाळपासून कुंची उसवतेय. हा कागद धाडणार नाय, तू घाबरशील. फोनवर नुसती खोकलीस तरी लगेच परत शिवीन.

तुझी सासू,
चतुराबाई