कापूस आणि भुरू

नागपूर, ९ जानेवारी २०२४

चि. सौ. मुग्धास अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं, म्हणून पत्र. दिवस गेलेत म्हणून डॉक्टरांनी तुला झोपून राहायला सांगितलं, विहीणबाईंनी घरात जनावर नको म्हटलं, आणि तुझे दोन्ही ससे मी नाशिकहून इकडे आणले. वाटलं, भाऊ-भाऊ आहेत, राहतील सुखानं. बेटा, मी हरलो.

भुरू कापसाच्या अंगावर चढतो, चावतो आणि घरभर मुततो. काल दिवाणावर, आज देवघरासमोर. लेंड्या तर माझ्या चपलेतसुद्धा. त्यासाठी आणलेल्या ट्रेमध्ये दोघं नुसते झोपतात. मी पुसून पुसून थकून राहिलो. खालचे नत्थूजी जिन्यात अडवून म्हणतात, काहून गा दत्तोपंत, घर हाये का कोंडवाडा? परवा कापसाचा कान फाटला. सोडवताना माझा अंगठाही.

हिंगण्याकडे ओळखीचं शेत आहे. तिथे सोडून येऊ का? रागावू नकोस. दुसरं काही सुचत नाही.

तब्येतीला जप.
तुझा बाबा

नाशिक, १५ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न.

शेतात नको, बाबा. घरात वाढलेला ससा कुत्र्यापुढे किती पळणार? गेल्या पावसाळ्यात बाळ गेलं आणि मी बोलायची थांबले, तेव्हा तुमच्या जावयानं, सुशीलनंच ही पिल्लं आणली होती. तुम्हाला माहीत आहे.

वयात आले की सख्खे भाऊही असेच भांडतात. त्यांना आजच वेगळं करा, मध्ये जाळी लावा. एकमेकांचा वास मात्र येत राहू दे. दोघांची नसबंदी करावी लागेल. ट्रे त्यांनी निवडलेल्या कोपऱ्यातच ठेवा आणि त्यात सुकं गवत घाला. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. मारू नका हं त्यांना.

आणि माझ्यापासून काही लपवू नका. इथे सगळे मला सगळं ठीक आहे म्हणतात. मागच्या वेळीही तेच म्हणत होते.

अंगठ्याला औषध लावा.
तुमची मुग्धा

नागपूर, ६ फेब्रुवारी

चि. सौ. मुग्धास आशीर्वाद.

'दोघं मजेत आहेत' असं पत्र लिहिलं होतं. ते फाडलं.

ऑपरेशन झालं. भुरू ठीक आहे. कापूस मात्र परवापासून काही खात नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, सशाचं पोट थांबलं की जिवावर बेततं. त्यांची औषधं चालू आहेत. सुईविना सिरिंजनं पातळ खाणं भरवतो, तो तोंड फिरवतो. ज्या लेंड्यांपायी महिनाभर कपाळ बडवलं, त्यातली एक दिसावी म्हणून ट्रेसमोर बसून आहे. नत्थूजी वासाची तक्रार घेऊन आले आणि माझ्याशेजारी फरशीवर बसून राहिले. जाताना म्हणाले, याले मेथी देऊन पाहा नं.

पोरी, तुझी ठेव मी सांभाळू शकलो नाही तर काय करू?

बाबा

नाशिक, १२ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न.

तुमचं पत्र हातात आहे आणि तिकडे काय झालं असेल, ठाऊक नाही. नत्थूजींना फोन लावायला धीर होत नाही.

पत्र सुशीलला वाचायला दिलं. म्हटलं, तूही मला असंच सांग. मग त्यानं सांगितलं. बाळाची वार गर्भाशयात खाली आहे, पुन्हा रक्त गेलं तर बाळाला धोका आहे. ठोके मात्र चांगले आहेत. ऐकून खूप रडले, आणि कित्येक दिवसांनी शांत झोपले.

असेल ते लिहा, बाबा.
मुग्धा

नागपूर, २० मार्च

चि. सौ. मुग्धास अनेक आशीर्वाद.

कापूस वाचल्याचं नत्थूजींनी फोनवर कळवलंच. मेथीच्या काडीला तोंड लावलं त्यानं आणि संध्याकाळी तीन बारक्या, कोरड्या लेंड्या टाकल्या. मी नत्थूजींना हाक मारून दाखवल्या.

आज दुपारी डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून दोघांना समोरासमोर आणलं. दोघांनाही अनोळखी असेल अशी जागा हवी होती, नत्थूजींनी आपला वऱ्हांडा दिला. भुरू लगेच धावून गेला. मी टॉवेल घेऊन मध्ये पडायच्या बेतात होतो. तेवढ्यात कापूस पळायचा थांबला आणि डोकं फरशीला टेकवून पडून राहिला. भुरूनं त्याला हुंगलं आणि मग तो कापसाचं कपाळ चाटायला लागला. बराच वेळ चाटत होता.

पुन्हा भांडणार नाहीत, असं मी म्हणत नाही. तुझं सगळं नीट होईल, असंही लिहीत नाही. मला काय माहीत? पण आज दुपारी नत्थूजींच्या वऱ्हांड्यात हे झालं, एवढं खरं.

माया आहेच.
बाबा