रानातला शब्द

होलवेल, डार्टमूर
६ नोव्हेंबर १८८२

ती. विल्मटताईस धाकट्या ईलायचा शि. सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने मेंढ्या ठणठणीत आहेत, मी तेवढा नाही. आमचे तरुण पाद्री एका मोठ्या शब्दकोशासाठी गावोगावचे शब्द जमवतात, आणि ते सगळे जणू तुझ्या भावजयीच्या, माझ्या ऑनरच्या चुलीपाशीच पिकतात. रोज संध्याकाळी स्वारी हजर. ती सांगते, ते लिहितात, दोघं हसतात. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली नाही.

काल त्यांनी तिला ‘बिविल्डर’चं मूळ सांगितलं. माणूस भांबावला की आपण म्हणतो ना, तोच शब्द. त्याच्या पोटात म्हणे रान आहे. एखाद्याला वाटेवरून ढळवून रानात नेणं हा आधीचा अर्थ, मनाचं भांबावणं मागून आलं. ऑनर पीठ मळायची थांबली. जन्मभर त्याच रानात मी मेंढ्या चारतो, पण नवल पाद्रीबाबांचं! मी कोपऱ्यात स्तोत्रं उघडून बसतो. डोळे ओळीवर ठरत नाहीत.

शनिवारी त्यांना रानातला दगडी क्रूस दाखवायचाय. ऑनरनेच माझं नाव पुढे केलं.

तुझी माया पूर्वीसारखीच राहू दे.
ईलाय

एक्झिटर, ८ नोव्हेंबर

चि. ईलायला अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, तो पोरगा तिच्या मुलाच्या वयाचा! तो तिला विचारतो, याचाच तुला जाच होतोय. चहा झाला का, याखेरीज तू बायकोला शेवटचं काय विचारलंस? लहानपणी मी माझी बाहुली शेजारच्या मुलीला दिली म्हणून तू ती विहिरीत टाकली होतीस. म्हणून सांगते, शनिवारी त्याला नेशील तसा परत आण.

रागावलास तरी लिहीत जा.
तुझी विल्मट

होलवेल, १२ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न.

तू ओळखलंस. क्रुसापाशी धुकं उतरलं आणि मी गुपचूप खडकाआड सरकलो. ते हाका मारत राहिले. मी ओ दिली नाही. देवाचं नाव रोज घेणारा मी, ताई, तिथे उभा राहून ऐकत होतो. मग लाज वाटून मागे वळलो, तर क्रूस नाही, वाट नाही, हाकाही थांबलेल्या. भुतांनी चकवलं असं वाटून, चकवा उतरावा म्हणून आपल्या रीतीप्रमाणे कोट उलटा करून घातला आणि गुडघ्यांवर बसलो. तेव्हा कुठून तरी स्तोत्राचा सूर आला. त्या सुराच्या मागे गेलो.

पाद्रीबाबा क्रुसालाच टेकून गात होते. म्हणाले, ऑनरबाईंनी बजावलं होतं, धुक्यात चुकामूक झाली तर जागचं हलू नका, आमचे हे तुम्हाला टाकून येणार नाहीत.

घरी ऑनरने विचारलं, वाट कोण चुकलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, मी. मग पाद्रीबाबांच्या समोरच तिला सगळं सांगितलं, खडकासकट. ती हसली नाही. त्यांना पाव दिला, मला दिला नाही. पण ते गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसली, आणि खडकाआड मनात काय चाललं होतं ते विचारत राहिली.

आशीर्वाद असू दे, आज त्याची गरज आहे.
ईलाय