बुटांचा बाक

व्हिटबी, सोमवार, १९ जानेवारी २०२६

प्रिय मृणालिनीताई,
सप्रेम सलाम वि. वि.

आधी यादी. मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: मेपलचं जेवणाचं टेबल एक, त्याच्या खुर्च्या सात (आठवी सीमाने सेलमधून आणली, ती मी मोजत नाही), ईशानीचा पाळणा, बेसमेंटचा जिना रेलिंगसकट, शेजारच्या परीक्षितचा देव्हारा, त्याला उदबत्तीची राख पडायला सरकता ट्रे, चर्चच्या हॉलमधलं पुस्तकांचं कपाट, आणि बुटांचे बाक एकेचाळीस. ही यादी मी बढाईसाठी लिहिलेली नाही. टोरांटोच्या एका फर्निचर कंपनीने मागितली, तिचीच नक्कल तुला.

त्यांना बुटांचा बाक हवा आहे. तू इथला विंटर पाहिला नाहीस म्हणून सांगतो. घरात शिरताना प्रत्येकाला बूट काढावे लागतात, आणि निम्मी माणसं भिंतीला धरून एका पायावर नाचतात. माझ्या बाकावर बसायचं, बूट काढायचे, खालच्या पट्ट्यांवर ठेवायचे. बर्फाचं पाणी पत्र्याच्या ट्रेमध्ये जातं. बैठक पुढे अर्धा इंच उतरती, म्हणजे उठणं सोपं. आणि डाव्या कडेला हात रोवायला खाच. ती डावीकडेच का, तर उजव्या हातात बूट असतो. ही माझी खास कल्पना.

कंपनी डिझाइन विकत घेणार आणि माझा फोटो लावून विकणार. दिवसा शाळेत मेंटेनन्स करणारा, कोणाकडेही न शिकलेला, स्वतःच घडलेला कारागीर. तसं लिहून मी २८ फेब्रुवारीपर्यंत सही करायची आहे. पैसे आले की बेसमेंटमधून सुटका, स्वतःचं वर्कशॉप, खिडकीसकट. ईशानी म्हणते, डॅड, जस्ट साइन इट.

तुझ्याकडे एक काम आहे. त्यांना माझ्याबद्दल चार ओळी हव्यात, त्यात एडमंटनमधली मॉर्मन धर्मप्रचाराच्या मिशनची दोन वर्षं घालायची आहेत. एकोणीस वर्षांचं पोर, छातीवर ‘एल्डर साळवे’ अशी प्रचारकाची पाटी, आणि उणे एकतीसमध्ये दारोदार. तिथे आम्हा पोरांवर लक्ष ठेवायला मंडळीने ब्रदर ओल्सेनना नेमलं होतं. माझे गुरू तेच, पण धर्मातले. दार तीनदा वाजवून दोन पावलं मागे कसं सरकायचं, तोंडावर दार आपटलं तरी थँक यू कसं म्हणायचं, हे त्यांनी शिकवलं. आमच्या पंथात चहा वर्ज्य, माझा सुटता सुटत नव्हता, तर पुदिन्याचं गरम पाणी पाजून सोडवला. त्यांच्याबद्दल मी नेमकं काय लिहिलं होतं, ते माझ्या दर सोमवारच्या पत्रांतून काढून दे. एकूण पत्रं एकशे चार.

मुलांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
शैलेंद्र

नगर, २४ जानेवारी

चि. शैलेंद्र यास,
अ. आ.

तुझ्या पत्राचा फोटो तुझ्या भाच्याने, नंदनने, मोबाइलवरून छापून दिला. अक्षर अजून तसंच, मुंग्यांची परेड.

पत्रं एकशे तीन आहेत. कांजिण्या आल्या तो सोमवार तू खाल्लास. रिटायर झाले म्हणून मास्तरीण मेली असं समजू नकोस. सगळी माळ्यावरून काढली, तीन दिवस वाचली. हसून हसून दमले आणि दोनदा रडलेही. तू मॉर्मन झालास म्हणून पपांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, पण मंगळवार-बुधवारी पोस्टमनची सायकल वाजली की फाटकात सगळ्यात आधी तेच असायचे.

आता पुढचं बसून वाच. १५ फेब्रुवारी १९९९ चं पत्र, जसंच्या तसं उतरवते:

“ताई, गंमत ऐक. ब्रदर ओल्सेनच्या दारात मी बूट काढताना एका पायावर नाचत होतो, मोज्यातून अंगठा बाहेर. त्यांनी ते पाहून ठेवलं. आज सोमवार, आमचा सुट्टीचा दिवस, तर त्यांनी गराजमध्ये नेलं आणि आम्ही दोघांनी बाक केला. बसायची फळी पुढे उतरती. खाली पट्ट्या, पट्ट्यांखाली पत्रा. त्यांचा उजवा गुडघा गेलाय, म्हणून डाव्या हाताने जोर देऊन उठायला डावीकडे खाच. मला रंधा दिला. मी लाकडाच्या रेषेच्या उलट ओढला तर हातावर चापटी! म्हणाले, एल्डर, लाकूड कुरकुरलं की थांबायचं, ते तुला काहीतरी सांगतंय. संध्याकाळपर्यंत तीन चापट्या आणि एक फोड.”

यानंतर तू सोळा सोमवार त्या गराजमध्ये होतास. मी मोजलेत. कोणाकडेही न शिकलेल्या कारागिराला चापट्या कोणी मारल्या, ते मला कळवशील का?

सीमाला आशीर्वाद. तुझ्यावर रागावले नाही, हेही लिहून ठेवते.
तुझी,
ताई

व्हिटबी, २ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ते मिळालं नसतं तरी चाललं असतं.

एक, कांजिण्यांच्या सोमवारी मी पोस्टकार्ड टाकलं होतं, ते पोस्टाने हरवलं. दोन, १९९९ चा तो बाक साधाच असणार. त्या वयात माणूस कशालाही उतरती फळी म्हणतो. तीन, मी माझा पहिला बाक २०११ मध्ये केला, पुस्तकं लायब्ररीतून आणून, रात्रंदिवस डोकं घालून. तेव्हा समोर कोणी ओल्सेन नव्हते.

सीमा म्हणाली, मग एवढं चिडायला काय झालं. मी ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करायला गेलो. आमचा झाल्यावर परीक्षितचाही करून टाकला. परत येऊन बाकावर बसलो, बूट काढले, उठलो. ताई, मी दोन्ही हातांनी बूट काढतो. खाली ठेवतो आणि मग उठतो. उठताना उजव्या हातात काहीही नसतं. आणि माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. मग खाच डावीकडे का, हा प्रश्न मला एकेचाळीस बाक करताना एकदाही पडला नाही.

ब्रदर ओल्सेन जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या मुलीला एडमंटनला ईमेल केला आहे. उत्तर येईपर्यंत मी काहीच कबूल केलेलं नाही.

राग धरू नकोस, मीच धरलाय तेवढा पुरे.
शैलेंद्र

नगर, ५ फेब्रुवारी

चि. शैलेंद्र यास,
अ. आ.

मी उगाच माळा उपसला. परवा सीमाचा फोन होता. तू जेवत नाहीस, बेसमेंटमध्ये नुसता बसून असतोस म्हणाली. चाळीस हजारांचं काम आहे म्हणाली. खरा आकडा किती? तू फार नेमका माणूस, आणि इतका गोल आकडा तुझ्या तोंडचा वाटत नाही.

मी काय म्हणते, ते शांतपणे वाच. ते पत्र या जगात माझ्या एकटीकडेच आहे. नंदननेही वाचलेलं नाही. तू सांग, मी ते बंबात घालते. ओल्सेनसाहेब गेले, त्यांना कसलाच तोटा नाही. तुला सत्तेचाळिसाव्या वर्षी खिडकी मिळत असेल, तर तुझ्या बहिणीला एक कागद जड नाही. जन्मभर पोरांच्या नकला पकडल्या, एक सोडून देईन.

फक्त तू हो म्हण. किंवा नाही म्हण. पण जेव.
तुझी,
ताई

व्हिटबी, सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र बंबात घालू नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, नगरला वाळवी फार.

ओल्सेन यांच्या मुलीचं उत्तर आलं. तो बाक अजून त्यांच्या दारात आहे, नातवंडं त्यावर बसून बूट काढतात. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी टेप लावून फोटो पाठवले. खाच कडेपासून सव्वापाच इंच, उतार अर्धा इंच. मी माझ्या बाकाला टेप लावली, सव्वापाच आणि अर्धा. फरक एवढाच की त्यांचा कधी डगमगला नाही, माझे पहिले तीन डगमगायचे. त्यांनी वर लिहिलं आहे की डॅडना फार आनंद झाला असता, खुशाल सही करा, आमची काही हरकत नाही.

त्यांची हरकत नव्हती. तुझी नव्हती. ईशानीची तर नव्हतीच. मग मी कंपनीला फोन केला, म्हटलं, एकच ओळ बदला: बाक ओल्सेन यांचा, हात साळवे यांचा. ती मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, सर, गुरू असलेल्या माणसाची गोष्ट विकत नाही, एकट्याने घडलेल्याची विकते. मी तिला सोळा सोमवार, तीन चापट्या आणि एक फोड एवढा हिशेब सांगितला. ती म्हणाली, दॅट्स स्वीट, पण कागद आहे तसाच राहील.

मी थँक यू म्हणालो आणि फोन ठेवला. मग पोटभर जेवलो. परवा बेचाळिसावा बाक सुरू केला. याच्या तळाला दोन नावं कोरतोय, माझं खाली.

सीमा शांत आहे. ती शांत असली की मला भीती वाटते. या लहान भावाला सांभाळून घे.
तुझा,
शैलेंद्र

ता. क. तू आकडा विचारलास. चाळीस मी सीमाला सांगितले होते, तिने फार स्वप्नं बघू नयेत म्हणून. आज जेवताना खरं सांगणार आहे, त्यानंतर लिहायच्या परिस्थितीत असेन की नाही ठाऊक नाही, म्हणून आत्ताच लिहितो. बाकाचं डिझाइन, माझा फोटो आणि ‘कोणाकडेही शिकलेलो नाही’ या एका ओळीखाली माझी सही, या तिन्हींचे मिळून कंपनी देत होती बासष्ट हजार पाचशे डॉलर, कॅनेडियन. मी नको म्हणालो.